पेटी गांधार करून घ्यावी की टेम्पर्डच ठेवावी?

पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीला दिली की कारागीर विचारतो, "गांधार करू की आहे तशीच ठेवू?" म्हणजे स्वर एका सा ला धरून नैसर्गिक गुणोत्तरात लावू, की सारख्या अंतरांचे, टेम्पर्ड राहू देऊ? या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नका. रीडवर, म्हणजे स्वर देणाऱ्या पितळी पातीवर, एकदा कानस फिरली की मागे येणं अवघड. पुन्हा पुन्हा घासून रीड बारीक होते आणि सुरात टिकत नाही.

हिशेबाला सोपं म्हणून पांढरी एकचा (पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. गांधार ट्यूनिंगमध्ये स्वर पूर्णांकांच्या गुणोत्तरात बसतात. पंचम ३/२, म्हणजे ३६०. शुद्ध गंधार ५/४, म्हणजे बरोबर ३००. टेम्पर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. तिथे पंचम येतो ३५९.६, म्हणजे फरक नावापुरता. गंधार मात्र ३०२.४, चांगलाच चढा. कोमल गंधाराचं उलट होतं. ६/५ प्रमाणे २८८ हवा, मिळतो २८५.४.

दोन-अडीच कंपनांनी काय बिघडतं? तानपुरा लावून ऐका. खर्जाची (सर्वांत खालच्या सा ची) तार १२० वर असेल तर तिच्यातून पाचपट कंपनांचा, ६०० चा स्वयंभू गंधार निघतो. टेम्पर्ड पेटीच्या गंधाराचा दुपटीचा उपस्वर पडतो ६०४.८ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे. भाता रोखून गंधार लांब धरा, थरथर स्पष्ट ऐकू येते. गांधार केलेल्या पेटीवर तोच स्वर तानपुऱ्यात विरघळतो. एकदा हे ऐकलं की टेम्पर्ड गंधार कानाला खुपायला लागतो, ही त्यातली गैरसोय!

मग सगळ्यांनीच गांधार का करू नये? कारण ती पेटी एकाच सा ची होऊन बसते. पांढरी एकला जुळवलेल्या पेटीवर पांढरी दोनचा गायक आला, तर त्याचा सा २७० आणि पंचम हवा ४०५. पेटीत त्या पट्टीवर आहे ५/३ चा धैवत, म्हणजे ४००. गंधार चोख लागतो आणि पंचमच पाच कंपनांनी घसरतो! एका कार्यक्रमात मी यात सापडलो होतो. गायकाने एकदाच वळून पाहिलं, पुढे तासभर मी पंचम टाळत वाजवत होतो. स्केल चेंजर असला म्हणूनही सुटका नाही, कारण त्यात पट्ट्या सरकतात, रीड जागच्या जागी राहतात.

शिवाय एका पट्टीत एकच धैवत मावतो. भूप रागाला ४०० चा गोड लागतो. देशकार रागात मात्र धैवत वादी (मुख्य स्वर) आणि जरा चढा मानतात, तिथे २७/१६ चा, म्हणजे ४०५ जवळचा वाटतो. ही अडचण सोडवण्यासाठी ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची (सूक्ष्म स्वरस्थानांची) पेटी केली. सा आणि पंचम अचल, बाकी दहा स्वरांना दोन-दोन जागा. अभ्यासाला उत्तम, पण रोज नव्या गायकाची साथ करणाऱ्याला रागागणिक श्रुती निवडत बसायला सवड कुठली?

माझं मत सांगतो. स्वतः गात असाल, सूर ठरलेला असेल आणि रियाज तानपुऱ्यावर होत असेल, तर बिनधास्त गांधार करा. भजनी मंडळ, शाळेचं गॅदरिंग, सोबत कीबोर्ड किंवा गिटार असेल, तर टेम्पर्डला हात लावू नका. ती वाद्यंही टेम्पर्डच असतात, त्यांच्यात तुमची गांधार पेटीच बेसूर ठरेल. नवशिक्याने तर वर्षभर थांबावं. गळ्याची पट्टीच अजून ठरलेली नसते.

आणि कारागिराला नुसतं "गांधार करा" सांगून निघू नका. सा कुठला आणि धैवत ५/३ चा की २७/१६ चा, तेही सांगा. देताना तुमचा तानपुरा लावून समोर बसा.