स्कोपस की वेब ऑफ सायन्स? आधी नियम काढा

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स म्हणजे संशोधन जर्नल्सची आणि त्यांतल्या लेखांची नोंद ठेवणारे डेटाबेस. पेपर कुठल्या यादीतल्या जर्नलमध्ये द्यायचा म्हणून पीएचडी करणारे विचारतात, ‘दोन्हींत चांगलं कोणतं?’ खरं तर तुमच्या विद्यापीठाला काय चालतं, ते आधी बघायला हवं. नियमात ‘स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स’ असेल तर हात मोकळे. ‘एससीआयई किंवा एसएससीआय’ (वेब ऑफ सायन्समधल्या विज्ञानाच्या आणि सामाजिक शास्त्रांच्या याद्या) लिहिलं असेल, तर फक्त स्कोपसमध्ये असलेलं जर्नल कितीही नावाजलेलं असो, उपयोग नाही.

वेब ऑफ सायन्सचं मूळ युजीन गारफिल्ड यांच्या १९६४ सालच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये. आज ते क्लॅरिव्हेटकडे आहे. एल्सव्हिअरचं स्कोपस २००४ मधलं. त्यात जर्नल्स जास्त, म्हणून पर्यायही जास्त. वेळ कमी उरला असेल तर मी तिकडे वळेन. पुढे संशोधनातच राहायचं असेल तर एससीआयईसाठी थांबणं परवडतं. बरीच जर्नल्स दोन्हींकडे असतात. तसं सापडलं तर प्रश्नच मिटला.

फसगत होते ती ईएससीआयमध्ये, म्हणजे नव्याने पुढे येणाऱ्या जर्नल्सच्या यादीत. २०१५ मध्ये सुरू झालेली ही यादीही वेब ऑफ सायन्सचाच भाग आहे, आणि २०२३ पासून तिच्यातल्या जर्नल्सनाही इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातले लेख इतरांनी सरासरी किती वेळा उद्धृत केले, तो आकडा) मिळतो. जाहिरातीत ‘वेब ऑफ सायन्स इंडेक्स्ड, इम्पॅक्ट फॅक्टरसह’ असं छापतात, त्यात खोटं काहीच नसतं. नियम एससीआयईचा असेल तर मात्र पेपर बाद.

आकडेही एकमेकांशेजारी ठेवू नका. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांच्या लेखांवर निघतो, स्कोपसचा तसाच आकडा, साइटस्कोअर, चार वर्षांच्या खिडकीवर. क्वार्टाइलचंही (विषयातल्या क्रमवारीचे चार भाग, क्यू१ सर्वांत वरचा) तेच: एकच जर्नल एका विषयात क्यू१, दुसऱ्यात क्यू३ असू शकतं. नियमात नुसतं ‘क्यू२’ असेल तर कोणाच्या यादीतलं, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल हो’ व्हायव्हाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

जर्नल तपासताना नावावर जाऊ नका; सारख्या नावाच्या बनावट साइट्स असतात. जर्नलचा आठ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएसएसएन, स्कोपसच्या मोफत सोर्स यादीत टाका आणि कव्हरेजची वर्षं वाचा. ‘२०१४ ते २०२१’ असं दिसलं, तर पुढचे अंक घेणं थांबलेलं असू शकतं. मग साइटवरच्या थोड्या जुन्या अंकातले दोन लेख ग्रंथालयातून स्कोपसमध्ये शोधा. सापडले नाहीत तर तिथे पेपर पाठवू नका. वेब ऑफ सायन्ससाठी मास्टर जर्नल लिस्ट आहे. तिथे नेमका कोणता इंडेक्स, तेही कळतं.

यादीतलं स्थान कायमचं नसतं. मार्च २०२३ मध्ये एमडीपीआय या प्रकाशकाचं आयजेईआरपीएच हे मोठं जर्नल वेब ऑफ सायन्समधून बाहेर पडलं. त्यामुळे पात्रता सबमिट केल्याच्या तारखेवर ठरते, स्वीकृतीच्या की छापून आल्याच्या, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. आणि पेपर पाठवाल त्या दिवशी यादीतल्या नोंदीची तारखेसह पीडीएफ काढून गाईडना मेल करून ठेवा.