कम्पाइल फसल्यानंतरचा कोडेसिस : एका प्रोग्रामरचा अभिप्राय

पीएलसी म्हणजे कारखान्यातील यंत्रे चालवणारा नियंत्रक संगणक. त्याच्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरविषयी लिहिताना बहुधा भाषांची संख्या, सिम्युलेशन आणि किंमत यांचीच चर्चा होते. चालू कारखान्यात काम अर्धवट असताना प्रोजेक्ट बिघडला, तर ते सॉफ्टवेअर आपल्याला कितपत सावरून घेते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. जर्मनीतील केम्प्टेन येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचा कोडेसिस हा असाच प्रोग्राम मी अनेक वर्षे वापरत आहे. हा अभिप्राय त्याच्या ३.५ आवृत्तीच्या या एकाच बाजूपुरता मर्यादित आहे.

वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात खाद्यतेलाच्या फिलिंग मशीनवर किरकोळ सुधारणा करण्याचे काम होते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी जवळजवळ निकामी झाली आहे हे मला ठाऊक होते, तरीही मी पॅनेलशेजारच्या सॉकेटवर विसंबून बसलो होतो. एका लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) आवृत्ती बदलून कम्पाइल, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर, सुरू केले आणि त्याच वेळी त्या भागातील वीज गेली, त्यामुळे लॅपटॉप तत्क्षणी बंद पडला. दोष सर्वस्वी माझा होता.

वीज आल्यावर कोडेसिस पुन्हा उघडला, तेव्हा त्याने स्वतःहून विचारले की आपोआप जतन झालेली प्रत उघडायची की मी शेवटची जतन केलेली. ही सोय ऑप्शन्समधील ‘लोड अँड सेव्ह’ या भागात असते. तेथेच प्रत्येक वेळी जतन करताना आधीची फाइल ‘बॅकअप’ या विस्ताराने बाजूला ठेवण्याचीही सोय आहे, आणि त्या फाइलचे नाव बदलले की जुना प्रोजेक्ट हाती येतो. मी आपोआप जतन झालेली प्रत निवडली. प्रोजेक्ट विनातक्रार उघडला, परंतु कम्पाइलसाठी एफ ११ दाबताच संदेशांच्या खिडकीत लाल ओळींचा पूर आला.

येथे एक गोष्ट नवशिक्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. त्या ओळींपैकी बहुतेक सी००४६ म्हणजे ‘हे नाव परिभाषित नाही’ आणि सी००७७ म्हणजे ‘हा प्रकार अज्ञात आहे’ अशा स्वरूपाच्या होत्या, आणि त्या वाचून एखाद्याला वाटावे की सगळे व्हेरिएबल्सच नाहीसे झाले आहेत. वस्तुतः चूक एकच होती. लायब्ररीची जी आवृत्ती मी प्रोजेक्टमध्ये नोंदवली होती ती त्या लॅपटॉपवर बसवलेलीच नव्हती, आणि तिच्यातील फंक्शन ब्लॉक (तयार कोडचे घटक) जेथे जेथे वापरले होते तेथे तेथे स्वतंत्र त्रुटी उमटत होती. लायब्ररी मॅनेजर उघडून जुनी आवृत्ती पुन्हा नेमताच दोन सोडून बाकी सर्व ओळी गेल्या, आणि त्या दोन माझ्याच अर्धवट लिहिलेल्या कोडच्या होत्या. संदेश नेमके असतात, पण मूळ चूक कोणती आणि तिची पिलावळ कोणती हे ओळखण्याचे काम प्रोग्रामरवरच राहते.

हे सर्व घडत असताना मशीन मात्र निर्वेध चालू होते, कारण कम्पाइल लॅपटॉपवर फसले होते आणि पीएलसीत आधीचाच प्रोग्राम होता. त्रुटींची यादी पाहून माझा सहकारी म्हणाला, “सर, क्लीन ऑल मारू का?” मी त्याचा हात अडवला. ‘क्लीन ऑल’ने पीएलसीत शेवटचे काय उतरवले होते याची लॅपटॉपवरील माहिती पुसली जाते. ही माहिती प्रोजेक्टशेजारीच ‘कम्पाइलइन्फो’ नावाच्या फाइलमध्ये असते, आणि ती गेली की ऑनलाइन चेंज (मशीन न थांबवता बदल उतरवणे) करता येत नाही, संपूर्ण डाउनलोडच करावा लागतो. डाउनलोड म्हणजे मशीन थांबणे आणि पर्सिस्टंट (डाउनलोडनंतरही टिकावीत म्हणून तशी घोषित केलेली) नसलेली सर्व मूल्ये आरंभस्थितीला जाणे. प्रयोगशाळेतील टेबलावर ही आज्ञा निरुपद्रवी आहे. भरलेल्या टाकीसमोर नाही. इतक्या महागड्या परिणामाची आज्ञा रोजच्या ‘बिल्ड’च्याच मेनूत ठेवणे मला आजही खटकते.

ती फाइल शाबूत असल्यामुळे पुढचे काम सोपे झाले. ‘प्रोजेक्ट कम्पेअर’ने सावरलेल्या प्रतीची आदल्या आठवड्यातील आर्काइव्हशी तुलना केली, कोणता बदल माझा आणि कोणता अपघाताचा हे एकेक ब्लॉक पाहून ठरवले, आणि जेवणाच्या सुटीत ऑनलाइन चेंजने प्रोग्राम उतरवला. ही तुलनेची खिडकी म्हणजे कोडेसिसमधील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे. नको असलेला फरक तेथल्या तेथे जुन्या प्रतीतून परत घेता येतो.

नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर नेणाऱ्यांनी ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ची सवय लावून घ्यावी, कारण त्यात लायब्ररी, उपकरणांची वर्णने आणि इच्छा असल्यास डाउनलोडची माहितीही सोबत बांधता येते. ‘सोर्स डाउनलोड’ने मूळ प्रोजेक्ट पीएलसीतच ठेवता येतो. तो तसा ठेवलेला नसेल, तर पीएलसीतील यंत्रभाषेतून लॅडर किंवा स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषांत लिहिलेला मूळ प्रोग्राम परत मिळत नाही, आणि हे अनेक ग्राहकांना लॅपटॉप हरवल्यावरच कळते.

माझी तक्रार आहे ती या सोयींच्या विखुरलेपणाविषयी. आपोआप जतन ऑप्शन्समध्ये, सोर्स डाउनलोड प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आणि आर्काइव्ह फाइल मेनूत आहे. शिवाय ऑप्शन्स प्रोजेक्टसोबत प्रवास करत नाहीत, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर सर्व पुन्हा तपासावे लागते. मूळ सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, गिटची (बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीची) जोडणी मात्र वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. एकट्याने काम करणाऱ्याला तारीख घातलेले आर्काइव्ह पुरते. तिघेचौघे एकाच मशीनवर काम करत असतील, तर तो खर्च मी ग्राहकाच्या अंदाजपत्रकातच धरतो. लॅपटॉपची बॅटरी मी त्याच आठवड्यात बदलली.