मोफत रिकव्हरीने खाल्लेलं औक्षण

बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो गेले ते आधी माझ्याच हातून. कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं, ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं गेलं आणि घाईत मी ‘हो’ दाबलं. इथवरची चूक माझी.

पण क्विक फॉरमॅटने फोटो पुसले जात नाहीत, पुसली जाते ती फक्त अनुक्रमणिका. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतात. हे मला तेव्हा कुठे ठाऊक! शोधल्यावर सगळ्यात वर दिसलेलं गेलेले फोटो परत मिळवून देणारं ‘१०० टक्के मोफत’ सॉफ्टवेअर उतरवलं. वरचा तो निकाल जाहिरात होती, हे नंतर पाहिलं. त्याने ब्राउझरचं पहिलं पानही बदलून टाकलं, तरी मला शंका येऊ नये?

वीस मिनिटांत पडद्यावर चारशेच्या वर फोटो. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट, आत्या औक्षण करतेय, बाबा लाजलेत. जीव भांड्यात पडला. दोन फोटो फुकट मिळाले, तेही स्वच्छ. बाकीच्यांचे १,९०० रुपये. भरले. सेव्ह करताना त्याने आपणहून जागा निवडली ती त्याच कार्डावरची, आणि मी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलो. म्हणजे एक फोटो काढायचा आणि पुढच्याच्या डोक्यावर ठेवायचा, असं चाललं होतं. निम्म्यावर ते अडकलं. उघडून बघतो तर बाबा नाकापर्यंत, खाली करडा पट्टा. बरेचसे तर उघडलेच नाहीत. पैसे परत मागितले, त्या ईमेलला आजवर उत्तर नाही.

दुरुस्तीवाल्या पोराने आधी कार्ड हातातून काढून घेतलं. मग फोटोरेक नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. तेही फुकटच, पण ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. कार्डावर काही लिहीत नाही, फक्त वाचतं. सापडलेलं त्याने दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवलं. ‘दादा, त्याच कार्डावर सेव्ह करायचंच नसतं,’ एवढंच म्हणाला. तुमच्याकडून कधी असं झालं तर कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर नवा एक फोटोसुद्धा काढू नका.

शेवटचे दीडेकशे फोटो मिळाले. खुर्च्या गोळा करणारे मंडपवाले अगदी स्पष्ट आलेत. आत्या अजून विचारते, ‘औक्षणाचे कधी पाठवतोस रे?’