कॅम्पिंग ट्रेलरसाठी पोर्टेबल जनरेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने आमच्या कॅम्पिंग ट्रेलरला पेट्रोलवर चालणारा एक इन्व्हर्टर जनरेटर वीज पुरवत आहे. त्याची क्षमता सतत चालण्यासाठी १८०० वॅट आणि क्षणभरासाठी २२०० वॅट आहे. यंत्र म्हणून तो समाधानकारक आहे: आवाज बेताचा, व्होल्टेज स्थिर आणि वजन एका माणसाला उचलता येईल इतके. तरीही मला अधिक लिहावेसे वाटते ते जनरेटर आणि ट्रेलर यांच्यामधल्या जोडणीविषयी, कारण खरेदी करताना सगळे लक्ष वॅट आणि आवाज यांवर जाते, आणि सुरक्षितता मात्र ठरते ती केबल, न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) आणि जनरेटर ठेवण्याची जागा यांवर.

सर्वांत दुर्लक्षित भाग न्यूट्रलचा आहे. बहुतेक लहान इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल मोकळा असतो, म्हणजे तो जनरेटरच्या सांगाड्याशी किंवा अर्थच्या (अर्थिंगच्या) तारेशी जोडलेला नसतो. दुसरीकडे, ट्रेलरच्या वितरण पेटीत न्यूट्रल आणि अर्थ मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, कारण त्यांची जोड पुरवठ्याच्या बाजूला असेल असे गृहीत धरलेले असते. असा जनरेटर अशा ट्रेलरला जोडला की ती जोड कुठेच उरत नाही. मग एखाद्या उपकरणात फेजची तार सैल होऊन ट्रेलरच्या धातूच्या अंगाला टेकली, तरी प्रवाहाला परतीची वाट नसल्यामुळे ना एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडतो, ना आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच). पहिल्या दोषाने कोणाला इजा होत नाही हे खरे. पण तो दोष कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि नंतर दुसऱ्या तारेत दोष निर्माण झाला की दोन्हींच्या मध्ये सापडलेल्या माणसाला पूर्ण व्होल्टेजचा धक्का बसू शकतो.

आमच्या ट्रेलरच्या इनलेटपुढे (वीज आत घेण्याच्या जोडणीपुढे) लावलेल्या संरक्षक उपकरणाने पहिल्याच जोडणीला अर्थचा दोष दाखवून वीज आत सोडण्यास नकार दिला, आणि माझ्या मते त्याची किंमत तिथेच वसूल झाली. अशा वेळी ते उपकरण काढून थेट जोडणी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया मानू नये. आम्ही जनरेटरच्या माहितीपुस्तिकेत तशी मुभा असल्याची खात्री करून, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा एक वेगळा प्लग तयार करून घेतला. तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसतो. हीच जोड ट्रेलरच्या पेटीत कायमची करून टाकणे चुकीचे आहे, कारण मग ट्रेलर कॅम्पिंगच्या मैदानावरील वीजपुरवठ्याला लावल्यावर न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थच्या तारेतून आणि ट्रेलरच्या अंगातून वाहू लागतो.

येथे दोन गैरसमजांची दखल घ्यायला हवी. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडला, म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजले जाते. ते बटण आतल्या आतच प्रवाहाचा असमतोल निर्माण करते, त्यामुळे न्यूट्रल मोकळा असतानाही तो पडतो. अर्थची वाट शाबूत आहे हे पाहायचे तर फेजवरून अर्थकडे प्रवाह सोडणारा प्लग-टेस्टरच लागतो. दुसरा गैरसमज जमिनीत ठोकलेल्या सळईचा. मातीतील सळईचा रोध २५ ओहम धरला, तर २३० व्होल्टला जेमतेम ९ अँपिअर प्रवाह वाहील, आणि तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही. न्यूट्रल मोकळा असेल, तर तेवढाही वाहणार नाही.

जागेच्या बाबतीत आम्ही कसलीही सवलत घेत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. म्हणून जनरेटर ट्रेलरपासून किमान ६ मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि सायलेन्सरचे तोंड बाहेरच्या दिशेला ठेवून चालवावा. शेजारचा ट्रेलरही याच हिशेबात धरावा, आणि वारा फिरला तर जनरेटरची जागा बदलावी. ट्रेलरच्या बाजूला ताणलेल्या छताखाली जनरेटर पावसातही चालवू नये. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतोच. फक्त त्याच्या मागे छापलेली मुदत तपासावी, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. झोपताना जनरेटर बंद, हा नियम आम्ही अलार्म असतानाही पाळतो.

हे अंतर पाळायचे तर लांब केबल आली. आमची केबल २५ मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि बाहेरच्या वापरासाठीच्या रबरी आवरणाची आहे. तिचा जाता-येताचा रोध सुमारे ०.३७ ओहम भरतो. २३० व्होल्टच्या व्यवस्थेत ८ अँपिअरला जेमतेम ३ व्होल्ट घट होते. जिथे १२० व्होल्टची व्यवस्था आहे तिथे तेवढ्याच वॅटसाठी १५ अँपिअर लागतात आणि घट साडेपाच व्होल्टच्या आसपास जाते. म्हणून तिथे जाड केबल अधिकच गरजेची ठरते. केबल रिळावरून पूर्ण उलगडल्याशिवाय भार टाकू नये, कारण गुंडाळलेल्या वेटोळ्यांतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकते. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल तर कधीही वापरू नये. तिचे एक टोक सुटले की उघड्या पिनांत वीज असते. १६ किंवा ३० अँपिअरच्या प्लगचा अडॅप्टर फक्त आकार जुळवतो, क्षमता वाढवत नाही, हेही ध्यानात असावे. अर्धा तास भार चालल्यावर मी प्लगला हात लावून पाहतो. तो कोमट असला तर चालते, चटका बसला तर संपर्क सैल आहे.

भाराबाबत आमचा क्रम ठरलेला आहे. जनरेटर भाराविना सुरू करून दोन-तीन मिनिटे चालू द्यायचा, मग ट्रेलरचे सर्व एमसीबी खाली असताना केबल जोडायची आणि एकेक एमसीबी वर करायचा. बंद करताना क्रम उलटा. एअर कंडिशनरचा कंप्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून तो लावण्यापूर्वी इंधन वाचवणारा मंद गतीचा मोड बंद करतो. बसवून घेतलेल्या सॉफ्ट स्टार्टरमुळे हा झटका बराच कमी झाला आहे. लपलेला भार बॅटरी चार्जरचा: बॅटरी उतरलेली असली की तो एकटाच सहा-सातशे वॅट खातो, आणि एअर कंडिशनर का दचकतो हे कळत नाही. फ्रिज आणि पाण्याचा हीटर त्या वेळी गॅसवर ठेवणे उत्तम. उंचावर इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते; १५०० मीटरवर या जनरेटरकडून १५०० वॅटच्या आसपासच अपेक्षा ठेवावी.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावेच लागते, त्यामुळे टाकीचा आकार लहान वाटतो. हीच या यंत्राविषयी माझी मुख्य तक्रार आहे. दोन एअर कंडिशनर असलेल्या ट्रेलरला हा जनरेटर पुरणार नाही. एक एअर कंडिशनर, दिवे आणि चार्जर एवढीच गरज असेल, तर जोडणीचा प्लग, टेस्टर आणि जाड केबल यांचा खर्च जनरेटरच्या किमतीतच धरून मग हा घ्यावा.