मिठाचा मैदा की दूध पावडर?

सुट्टीत इंदूरला रामबागेतल्या घरी नातवंडं जमली की मातीसारखे आकार करून खेळायच्या मऊ, रंगीत गोळ्याची (प्ले-डोची) मागणी सुरू होते. मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत.

मैद्याचा सोपा. 1 वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, 1 वाटी पाणी, चमचाभर तेल. मंद आचेवर गोळा कढई सोडेपर्यंत हलवत राहायचं. मऊसूत होतो, हत्तीची सोंडसुद्धा उभी राहते, आणि घट्ट डब्यात काही आठवडे टिकतो. पण घरातल्या जिनसांचा, म्हणून खाल्ला तरी चालेल, हे मला अजिबात मान्य नाही. लिंबाएवढ्या गोळ्यातच मोठ्या माणसाच्या दिवसाच्या 5 ग्रॅम मर्यादेपेक्षा जास्त मीठ असतं. न शिजवता मळला तर कच्च्या पिठातल्या जंतूंचीही भीती. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा, एवढं मीठ त्याला विषच.

दूध पावडरचा खरोखर खाण्याजोगा. 1 वाटी पावडरीत लागेल तसं कंडेन्स्ड मिल्क घालून, हाताला तूप लावून पेढ्यासारखा मळायचा. रंगाला हळद किंवा बिटाच्या रसाचे दोन थेंब. बारीक आकार यात टिकत नाहीत, मेच्या उन्हाळ्यात चिकटतो आणि उघडा राहिला की तडकतो. त्यामुळे ओल्या फडक्याखाली झाकते. जिलब्या आणि मोदक मात्र मुलं सुरेख वळतात. त्याच दिवशी संपवायचा. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला अर्थातच नाही.

धाकटी अजून सगळं तोंडात घालते, म्हणून सध्या आमच्याकडे दूध पावडरच. मैद्याचा डबा थोरल्यांसाठी वरच्या फळीवर.