न्यू यॉर्करची कॅप्शन कॉन्टेस्ट: साडेचार स्टार, हरूनसुद्धा

न्यू यॉर्कर साप्ताहिक दर अंकात एक कार्टून छापतं, खाली ओळच नसते, ती आपण लिहून पाठवायची, एवढाच खेळ. आधी हे वर्षातून एकदा असायचं, २००५ पासून दर आठवड्याला. आलेल्यातून तीन निवडतात, मग वाचक मत देऊन एक ठरवतात. मी गेले काही महिने पाठवतेय आणि एकदाही त्या तिघांत आले नाहीये, हे आधीच सांगून टाकते.

फॉर्म भरायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. भाग घ्यायला अटी असतात, त्यामुळे नियम आधी बघा, उगाच डोकं खपवू नका.

खरी मजा मात्र पाठवण्यात नाहीये, दुसऱ्यांच्या ओळींना मत देण्यात आहे. साइटवर एकेक ओळ समोर येते, फनी, थोडी फनी की अजिबात नाही, बटण दाबायचं, पुढची. पहिल्यांदा मतं दिली तेव्हा दहाव्या-बाराव्या ओळीलाच माझा चेहरा पडला, कारण जो जोक मला रात्री अकराला सुचून मी एकटीच हसले होते तोच जोक शब्द इकडेतिकडे करून लोकांनी पाठवलेला!! म्हणजे समजा डायनासोर इंटरव्ह्यूला बसलाय, तर "बायोडेटात साडेसहा कोटी वर्षांची गॅप दिसतेय" हे सगळ्यांनाच सुचणार. हजारोंनी एंट्र्या येतात हो. तेव्हापासून पहिले तीन जोक मी सरळ फेकून देते. आणि कार्टूनमध्ये आधी तोंड कोणाचं उघडं आहे ते बघते, बोलणारा तोच, मी एकदा गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी मस्त ओळ घातली होती, काय उपयोग. लिमिट २५० अक्षरांची आहे पण तेवढी वापरलीत तर गेलात, हसू येतं ते आठ-दहा शब्दांत.

धीर सुटला की मी रॉजर ईबर्टला आठवते. पुलित्झर मिळालेला सिनेमा समीक्षक, त्यालासुद्धा शंभरच्या वर वेळा पाठवून २०११ मध्ये एकदा जिंकता आलं. त्या हिशोबाने मी अजून बालवाडीत आहे.

अर्धा स्टार का कापला? तर तोच डायनासोर, मागे दार किलकिलं, सेक्रेटरी डोकावून म्हणतेय, "सर, पुढच्या कॅन्डिडेट आल्यात, उल्का मॅडम." मी स्वतःवरच इतकी खूश झाले की विचारू नका. मग इंग्रजी करायला बसले. अर्धा तास. उल्काचं मीटिअर केलं की मॅडम गायब, उल्का तशीच ठेवली तर तिकडे कोणाला कळणार. शेवटी नवऱ्याला ऐकवला, तो चहा सांडेपर्यंत हसला, आणि पाठवला तो गॅपवालाच.