वजन रोज करावं, आठवड्यातून एकदा, की टेपवर भागवावं?

वजन उतरवायचं ठरलं की काट्यावर किती वेळा उभं राहायचं, हा प्रश्न लगेच येतो. रोज, आठवड्यातून एकदा, की काटा बाजूला ठेवून फक्त कंबर मोजायची? तिन्ही पद्धती चालतात. पण प्रत्येक पद्धत वेगळ्या ठिकाणी फसवते, आणि ते ठिकाण माहीत नसलं की चांगला चाललेला आहार माणूस मधेच सोडून देतो.

मुळात काटा चरबी वेगळी काढून दाखवत नाही. हाडं, स्नायू, चरबी, पाणी आणि आतड्यातलं अन्न असं सगळं तो एकत्र मोजतो. एक लिटर पाणी प्यायलं की काटा तेव्हाच एक किलो जास्त दाखवेल. स्नायूंत आणि यकृतात साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (पिष्टमय पदार्थांपासून बनणारा साखरेचा साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी अडकून राहतं. म्हणून पिष्टमय पदार्थ कमी केल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन झपाट्याने उतरतं, आणि एक दिवस भरपेट खाल्लं की तितक्याच झपाट्याने वर जातं. खारट जेवण, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेल्या वजनी व्यायामामुळे दुखणारे स्नायू, या सगळ्यांनी एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. चरबीचा हिशेब मात्र संथ असतो. एक किलो चरबी साठायला खर्चापेक्षा अंदाजे ७,७०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतात. एका रात्रीत वाढलेला किलो चरबीचा नसतो.

आठवड्याला अर्धा किलो घट हा चांगला वेग मानला जातो. पण रोजची वर-खाली त्याहून मोठी असते, त्यामुळे ही घट त्यात लपून जाते. एकाच माणसाचे दोन आठवड्यांचे नमुना आकडे पाहा, सोमवार ते रविवार:

पहिला आठवडा: ८४.२, ८३.८, ८४.९, ८४.४, ८३.९, ८४.१, ८३.७
दुसरा आठवडा: ८३.९, ८३.५, ८३.६, ८४.६, ८४.०, ८३.४, ८३.३

हा माणूस दर बुधवारी वजन करत असता तर त्याला १.३ किलो घट दिसली असती आणि तो खूश झाला असता. गुरुवार धरला असता तर २०० ग्रॅम वाढ दिसून त्याने हाय खाल्ली असती. सातही दिवसांची सरासरी काढली तर पहिला आठवडा ८४.१४, दुसरा ८३.७६. म्हणजे घट जेमतेम ४०० ग्रॅम, पण खरी.

रोज वजन

ज्यांना आकडा शांतपणे बघता येतो त्यांनी रोजच करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच: निर्णय रोजच्या आकड्यावर घ्यायचा नाही, सात दिवसांच्या सरासरीवर घ्यायचा. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, कमीत कमी किंवा रोज सारख्याच कपड्यांत वजन करायचं. आकडा लगेच लिहायचा. एखादा दिवस चुकला तर जितके आकडे असतील त्यांची सरासरी काढायची, नंतर भर दुपारी काट्यावर चढून जागा भरायची नाही.

सरासरी काढता येते हा एक फायदा, दुसरा असा की वाढ लवकर पकडली जाते. अर्धा किलो चढल्यावर सावरणं आणि पाच किलो चढल्यावर सावरणं यांत फार अंतर आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप रीगेन’ या अमेरिकी चाचणीत नेमकं हेच शिकवलं गेलं. वजन उतरवून झालेल्यांना रंगांचे टप्पे दिले होते: चाचणीत येतानाच्या वजनापेक्षा साधारण १.४ किलोपर्यंत वाढ असेल तर हिरवा, त्यापुढे पिवळा, २.३ किलो किंवा जास्त असेल तर लाल. पिवळ्यात आलं की लगेच आहार-व्यायामात दुरुस्ती करायची आणि लाल झालं की वजन उतरवण्याचा कार्यक्रम पुन्हा पूर्णपणे सुरू करायचा. हे प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी जे रोज वजन करत होते त्यांच्यात वजन परत चढण्याची शक्यता कमी आढळली. मात्र त्यांना आकड्याबरोबर पुढे काय करायचं हेही ठरवून दिलेलं होतं. आकडा लिहायचा आणि बाकी सगळं पूर्वीसारखंच ठेवायचं, याने काहीही उतरत नाही.

आठवड्यातून एकदा

रोजचा आकडा पाहून दिवस खराब जातो, अशांसाठी ही पद्धत. मनाला सोपी, पण वर दाखवल्याप्रमाणे हिचा एकेक आकडा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. त्यामुळे धीर जास्त लागतो: किमान चार आठवड्यांचे चार आकडे हातात येईपर्यंत आहार बदलायचा नाही. वार आणि वेळ पक्की हवी, आणि तो वार सुट्टीच्या किंवा मेजवानीच्या दुसऱ्या दिवसाचा नको. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या आठवड्याशी तुलना न करता मागच्या चक्रातल्या त्याच टप्प्याशी करावी. रोज वजन करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

फक्त टेप

कंबर आठवड्याने मोजून फारसं काही कळत नाही, दोन ते चार आठवड्यांनी मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, टेप जमिनीला समांतर, त्वचेला टेकलेली पण न रुतणारी, श्वास सहज सोडून झाल्यावर. दोनदा मोजून सरासरी घ्या. प्रौढांसाठी कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा वापरायला सोपा निकष: १६० सेंमी उंचीला ८० सेंमीच्या आत. व्यायामाने स्नायू वाढत असतील तेव्हा काटा थबकतो आणि कंबर उतरत राहते, अशा वेळी टेपच खरी बातमी देते. पण हात सैल-घट्ट झाला की एक-दोन सेंमी इकडचे तिकडे होतात, आणि वजन परत चढू लागलं तर टेपला ते उशिरा कळतं.

काट्याच्या खोड्या

डिजिटल काट्याच्या पायांत भार ओळखणारे सेन्सर असतात. गालिच्यावर ते पाय रुततात आणि आकडा चुकतो, म्हणून सपाट, कडक फरशी आणि रोज तीच जागा हवी. काटा हलवला असेल तर एकदा उभं राहून उतरा, शून्य येऊ द्या, मग खरं वजन करा. काही काटे फरक थोडा असेल तर आधीचाच आकडा पुन्हा दाखवतात. रोज हुबेहूब तोच आकडा येत असेल तर शंका घ्या: पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली हातात घेऊन उभे राहा, उतरा, मग बाटलीशिवाय वजन करा. फरक दोन किलोच्या किंचित वर यायला हवा. काटा ठीक आहे की नाही हेही यात तपासून होतं.

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या काट्याचा तो आकडा शरीरातल्या पाण्याप्रमाणे बदलतो, त्यावर निर्णय घेऊ नका. पेसमेकर असलेल्यांनी असा काटा वापरूच नये.

कोणी काटा टाळावा

खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल, किंवा आकडा वाढला म्हणून जेवण टाळणं, उलटी काढणं, दिवसातून चार-पाच वेळा काट्यावर जाणं असं होत असेल, तर घरचं वजन करणं थांबवा आणि डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. वाढत्या वयाच्या मुलांना वजनाच्या रोजच्या हिशेबात गुंतवू नये, आणि गरोदरपणात डॉक्टर सांगतील तेच वेळापत्रक. हृदय कमकुवत असलेल्यांना मात्र रोज वजन करायला सांगतात ते शरीरात साठणाऱ्या पाण्यासाठी. तिथे एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढ दिसली तर सरासरीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.